धाकटीचं वजन

४ जानेवारी, रविवार
वजन अठ्ठ्याहत्तर किलो चारशे ग्रॅम. लिहून टाकलं एकदाचं.

सुट्टीचे दहा दिवस आम्ही दोघी जावा, दोघींचे नवरे आणि सासूबाई समुद्रकाठच्या भाड्याच्या घरात होतो. न्याहारीची ताटं उचलायच्या आत दुपारच्या जेवणाची चर्चा सुरू व्हायची. केकचा शेवटचा तुकडा मी फ्रिजचं दार उघडं ठेवून, उभ्याने, कुणी बघायच्या आत संपवला. काल दुकान उघडून शिलाई मशीनवर बसले तर खुर्ची एक वीत मागे घ्यावी लागली. वीस वर्षं लोकांच्या कमरेला टेप लावतेय, स्वतःला आज पहिल्यांदा लावला. आकडा इथे लिहीत नाही. एका दिवशी एकच दुःख पुरे.

आहारतज्ज्ञ बाई माझ्याकडे कपडे शिवायला टाकतात. सगळ्या रोगांवर काकडी सांगतात म्हणून आम्ही त्यांना काकडीबाई म्हणतो. त्यांनी कागदावर लिहून दिलं: अर्धं ताट भाज्या, पाव ताट भात किंवा पाव, उरलेल्यात अंडं, मासे, कडधान्य. उपाशी राहायचं नाही. रोज चाळीस मिनिटं भरभर चालायचं. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी उत्तम. किलोच्या वर जायला लागला तर मला कळवा.

इथपर्यंत सगळं माझं होतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून धाकटी उतरली, कागद वाचला आणि म्हणाली, "ताई, मी पण!" धाकटी म्हणजे माझी जाऊ. चौतीस वर्षांची, शाळेत लहान मुलांना शिकवते. वजन एकाहत्तर, पण ते तिला शोभतं. सासूबाई लगेच म्हणाल्या, "दोघी मिळून करा. दर रविवारी माझ्या खोलीत काटा ठेवू." म्हणजे आता शर्यत झाली.

७ जानेवारी, बुधवार
सकाळी सहाला तळ्याला चार फेऱ्या. धाकटी नाचत चालते, गप्पाही मारते. माझा श्वास गप्पांना पुरत नाही.
रात्री सूप आणि उकडलेल्या भाज्या. नवरा ताटाकडे बघून म्हणाला, "आजारी कोण आहे?"

११ जानेवारी, रविवार
मी: सहाशे ग्रॅम कमी. काकडीबाईंच्या हिशेबाने शाबासकी मिळायला हवी.
धाकटी: एक किलो नऊशे.
सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्याच टाळ्यांत माझेही सहाशे ग्रॅम धरून घ्यायचे होते बहुधा.

१८ जानेवारी, रविवार
मी: चारशे. धाकटी: दोन किलो एकशे.

काटा बिघडला असेल म्हणून मी दुकानातल्या पाच किलोच्या कापडाच्या गठ्ठ्याने तपासला. बरोबर पाच किलो भरला. मेला काटासुद्धा तिच्याच बाजूचा.

ती काय खाते ते मी बघते ना! काल आमच्याकडेच जेवली. माझ्याइतकंच घेतलं, वर आणखी घेतलं. "ताई, भूक अशी लागते की विचारू नका," म्हणाली. आणि वजन तिचं उतरतंय. मी पाव ताट भात मोजून खाते, रात्री पोटात कावळे ओरडतात, आणि माझे चारशे ग्रॅम. कुठला न्याय हा?

२२ जानेवारी, गुरुवार
फेरीत धाकटी दोनदा थांबली. तळ्याजवळच्या स्वच्छतागृहात जाऊन आली. बाटली भरून आणलेली ती पहिल्याच फेरीत संपली, मग माझीही संपवली. "कुठेतरी वाचलंय ना, पाणी पिऊन वजन उतरतं," मी टोमणा मारला. ती म्हणाली, "नाही हो, तहानच लागते." गुपित सांगायचं नसलं की लोक असंच बोलतात.

२५ जानेवारी, रविवार
मी: सातशे. धाकटी: एक किलो आठशे.
पाच किलो आठशे झाले तिचे. तीन आठवड्यांत! माझे एक सातशे. दीर सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "लग्नातली दिसतेस." माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पाव मागितला.

२९ जानेवारी, गुरुवार
आज धाकटी तिचा निळा ड्रेस घेऊन दुकानात आली. "ताई, कमरेत घ्याल का? अंगावर लोंबतोय." दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. दोघी एका सुरात, "अय्या, किती बारीक झालात! कसं केलंत?" आणि ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सगळं ताईंच्यामुळे." त्या बायांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मिरच्या झोंबल्या मला.

कमरेत सव्वादोन इंच आत घेतलं. शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. पुढे अंग भरलं तर उसवून ड्रेस मोठा करता यावा म्हणून. एवढं आत घेतल्यावर ती जाड होते, कापून टाकायची असते. मी कापली नाही, सगळीच्या सगळी ठेवली. ही बाई परत फुगणार याची मला खात्री होती, म्हणून. इतक्या वाईट मनाने इतकी माया मी आजवर कुठल्या कपड्यात ठेवली नव्हती.

१ फेब्रुवारी, रविवार
मी: दोनशे. धाकटी: दोन किलो.
आज जेवले नाही. मग दुपारी चारला अर्धा पुडा बिस्किटं खाल्ली. हे काकडीबाईंना सांगायचं नाही. काकडीबाईंना धाकटीचंही सांगायचं नाही. "किलोच्या वर गेलं तर कळवा" असं कागदावर आहे, मला पाठ आहे. पण कळवलं की त्या तिचंच उदाहरण सगळीकडे सांगत सुटतील.

५ फेब्रुवारी, गुरुवार
मला वाटतं ती चोरून काहीतरी खाते. नाही, उलट. खाऊन चोरून काहीतरी करते. तोंडाला वास येतो. पिकून उतरलेल्या फळांसारखा, थोडा नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा. वजन उतरवायच्या गोळ्या घेत असणार. माझ्यापासून लपवून! शर्यत लावायची आणि मग गोळ्या घ्यायच्या.

चालताना आता मी पुढे असते. ती मागे राहते, बाकावर बसते. मला फार बरं वाटतं. चार फेऱ्यांत मी एकदा तिला एक फेरी मागे टाकलं. हात हलवला तिने.

९ फेब्रुवारी, सोमवार
कालचा आकडा लिहायला हातच धजत नव्हता. धाकटी: एकसष्ट किलो सहाशे. मी: पंच्याहत्तर आठशे.

आज जे केलं ते लिहिते, कारण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरलंय.

शाळेतून येताना धाकटी रोज दुकानात टेकते आणि पाणी मागते. आज मी म्हटलं, "थांब, लिंबूपाणी करते." मागच्या ओट्यावर पेल्यात लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि साखर. एक चमचा. मग आणखी दोन. ढवळताना हसू येत होतं. तिने गटागटा प्यायलं आणि पेला पुढे केला. "अजून आहे?" आहे की. दुसऱ्यात चार चमचे टाकले.

केक खायला घातला असता तर तिला कळलं असतं. पेल्यात कळत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
रोज दोन पेले. कधी तीन. ती म्हणते, "तुमच्या हाताला चव आहे, ताई." म्हणेना का.

१५ फेब्रुवारी, रविवार
मी: पाचशे कमी. धाकटी: दोन किलो तीनशे कमी. एकोणसाठ तीनशे. इतकी साखर पोटात जाऊन!
मी रडले. न्हाणीघरात नळ सोडून, म्हणजे कुणाला ऐकू जाणार नाही. बेचाळीस वर्षांची बाई जावेच्या वजनावरून रडते, हे कुणाला सांगायचं?

१८ फेब्रुवारी, बुधवार
दीर दुकानात आला. छापखान्यात कामाला आहे, दुपारी कधी येत नाही. उभाच राहिला. म्हणाला, "वहिनी, हिला बरं नाही का हो? रात्री पाच-सहा वेळा उठते. फळ्यावरची अक्षरं पुसट दिसतात म्हणते. काल जिन्यात बसून राहिली."
मी दोऱ्याला गाठ मारत होते. म्हटलं, "झपाट्याने बारीक व्हायचं म्हणजे एवढं होणारच. हौस कुणाला होती?"
"डॉक्टरकडे नेऊ का?"
"डॉक्टर म्हणेल, जेव. आम्हीपण तेच म्हणतोय."
तो मान हलवून गेला. माझ्यावर विश्वास आहे त्याचा. घरात काहीही झालं तरी मला विचारायची पद्धतच आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी, रुग्णालयातून
बाहेरच्या बाकावर बसून लिहिते.

सकाळी काटा ठेवला, धाकटी आलीच नाही. आठ वाजले. मला वाटलं, साखर लागू पडली असणार, आकडा वाढला म्हणून घाबरली. खरं सांगायचं तर जिना चढताना मी खुशीत होते. तिला हाताला धरून खाली आणायचं, सगळ्यांसमोर काट्यावर चढवायचं.

दार नुसतं लोटलेलं. दीर पहाटेच्या पाळीला गेला होता. धाकटी न्हाणीघराच्या दारात आडवी. उलटी झालेली. श्वास असा घेत होती, जसं कुणी लांबून धावत आलंय, खोल, भरभर, थांबतच नव्हता. तोच फळांचा वास सगळ्या खोलीत. मी हाक मारली तर डोळे उघडून म्हणाली, "बाई, मुलांना आत घ्या. घंटा झाली."
मला ओळखलं नाही तिने.

मी खाली हाक मारली आणि वाट न बघता तिला उचललं. दोन्ही हातांवर. मला वाटलं होतं जमणार नाही, पण उचलली गेली. इतकी हलकी होती. सात आठवडे मी हिच्या प्रत्येक ग्रॅमवर जळत होते, आणि ते सगळं नाहीसं झालेलं वजन आज माझ्या हातांना जाणवलं. जिन्यात एकदाही थांबले नाही. नवऱ्याने गाडी काढली. सासूबाई चपला न घालताच गाडीत बसल्या.

रुग्णालयात बोट टोचून साखर तपासली. यंत्रात आकडाच आला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यंत्र मोजतं त्याच्याही वर आहे." मग सलाइन, इन्सुलिन, नळ्या, आणि आम्हाला बाहेर काढलं. दीर धावत आला, अंगाला शाईचा वास.

डॉक्टरीणबाई वही घेऊन बाहेर आल्या. "वजन कधीपासून कमी होतंय? किती? तहान कधी सुरू झाली?" दीर नुसता बघत राहिला. "जानेवारीत... की आधी..." त्याला काही सांगता येईना.

मला येत होतं. ही डायरी पिशवीतच असते. मी उघडली आणि वाचायला लागले. अकरा जानेवारी, एक किलो नऊशे. अठरा, दोन किलो एकशे, भूक फार. बावीस, तहान, सारखी लघवीला. पाच फेब्रुवारी, तोंडाला फळांचा वास, चालताना मागे पडते. अठरा, नजर पुसट, रात्री पाच-सहा वेळा उठते. मधली वाक्यं गाळत गेले.

डॉक्टरीणबाई भराभरा लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "इतकं नीट कुणीच सांगत नाही हो. बहीण का तुमची? फार जीव आहे तुमचा तिच्यावर."
सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मोठीचं सगळ्यांवर लक्ष असतं," म्हणाल्या.

मी मान हलवली. हलवली मी मान.

त्या वळल्या, लांबच्या दारापर्यंत पोचल्या, तेव्हा मी उठून धावले. दारात गाठलं. "डॉक्टर, एक राहिलं. मी तिला साखर पाजलीय. लिंबूपाण्यातून. दोन आठवडे. दिवसाला आठ-दहा चमचे. तिला न सांगता."
"का?"
"तिचं वजन वाढावं म्हणून."
त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग वहीत तेही लिहिलं. म्हणाल्या, "आजार तुमच्यामुळे झाला नाही. तिच्या शरीरात इन्सुलिन बनणंच थांबलंय, साखर न पाजताही ती इथेच आली असती. पण थोडी उशिरा आली असती. आणि 'डॉक्टरकडे जा' म्हणणारं कुणी असतं, तर चालत आली असती."

२३ फेब्रुवारी, सोमवार
शुद्धीवर आहे. काचेतून पाहिलं. आत दोघांनाच सोडतात, मी सासूबाईंना आणि दिराला जाऊ दिलं. सासूबाई परत आल्यावर म्हणाल्या, "तुला विचारत होती." मी दुकानाचं निमित्त सांगून निघून आले.
दिवसभरात एक बटण लावलं. तेही उलटं.

२५ फेब्रुवारी, बुधवार
नवऱ्याला सगळं सांगितलं. अठरा तारखेला त्याच्या भावाला काय सांगितलं तेही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिला सांग. मला सांगून काय उपयोग?" आणि दिव्याचं बटण दाबायला उठला तेव्हा म्हणाला, "तू तीन किलोने उतरलीस. मी बघतोय जानेवारीपासून. बोलायला जमलं नाही."
इतके दिवस याच वाक्यासाठी जीव टाकत होते. आज ते कुठे ठेवू, कळेना.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
सांगितलं.

ती उशीला टेकून बसली होती. हातावर नळ्यांचे निळे डाग. मी खुर्चीवर बसले आणि एका दमात बोलले. साखर, टोमणे, दिराला दिलेलं उत्तर, आणि रविवारी जिना चढताना मी खुशीत होते तेही. वर बघितलं नाही.

ती म्हणाली, "गोड लागत होतं हो."
"काय?"
"लिंबूपाणी. सात चमचे साखर कळत नाही का माणसाला? जीभ गेली नव्हती माझी."
"मग प्यायलीस कशाला?"
"तहान लागायची." मग पांघरूण नीट करत, "आणि गंमत वाटायची. तुम्ही माझ्यावर जळता, तुम्ही! घरात काही झालं की सगळे म्हणतात, मोठीला विचारा. ड्रेस बिघडला, मोठीला विचारा. आईंचं औषध, मोठीला विचारा. माझा नवरा माझ्या तब्येतीचंसुद्धा तुम्हालाच विचारतो. अकरा वर्षं मी या घरात दुसरी आहे. पहिल्यांदाच कशात तरी तुमच्या पुढे होते. वाटायचं, ही साखर घालतेय म्हणजे घाबरलीय."
"तुला बरं नाही हे कळत होतं?"
"जानेवारीपासूनच. शाळेत दर तासाला वर्ग सोडून पळायचे. काहीतरी बिघडलंय हे कळत होतं." ती खिडकीकडे बघत होती. "पण दर रविवारी टाळ्या वाजायच्या ना."

परिचारिका आली, बोट टोचलं, आकडा लिहिला, गेली.
"डॉक्टरकडे गेले असते तर त्यांनी बरं केलं असतं," धाकटी म्हणाली, "मग वजन वाढलं असतं."
मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला. "आत्ता नको. अजून राग आहे मला तुमचा," म्हणाली. "पण उद्या या."

३ मार्च, मंगळवार
धाकटी घरी आली. पोटाला सुई कशी टोचायची ते परिचारिकेने दोघांना दाखवलं. दिराचा चेहरा पांढरा पडला, त्यामुळे मीही शिकून घेतलं. सुईची सवय मला आहेच. पण टोचायची वेळ आली तेव्हा धाकटी म्हणाली, "द्या इकडे," आणि स्वतःच टोचली.

काकडीबाई घरी येऊन नवीन कागद देऊन गेल्या. माझ्याकडे रागाने बघत म्हणाल्या, "किलोच्या वर गेलं तर कळवा, हे मी शोभेला लिहिलं होतं?" आता दोघींचं ताट जवळपास सारखंच आहे. तिला भात मोजून, वेळेवर. मला मोजून, वेळेवर.

१२ मार्च, गुरुवार
इथे खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहिते. आता सगळं घर तिच्या साखरेभोवती फिरतं. सकाळी आकडा किती, दुपारी किती. दीर तिला सफरचंद कापून देतो. शेजारच्या बाई फुलं घेऊन येतात. मी चार हजारांवर टाके घातले आजच्या दिवसात, मान अवघडली, कुणी विचारलं नाही. हे मनात आलं आणि मीच मला म्हटलं, बाई गं, तुझं काही खरं नाही.

२९ मार्च, रविवार
सासूबाईंनी काटा बाहेर काढला. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. टाळ्या वाजवायच्या नाहीत असं धाकटीने आधीच बजावलं होतं.

मी: बाहत्तर किलो नऊशे. साडेपाच किलो, जवळजवळ तीन महिन्यांत. काकडीबाईंच्या कागदाप्रमाणे.
धाकटी: त्रेसष्ट किलो दोनशे. रुग्णालयात होती तेव्हाच्या मानाने जवळपास पाच किलो वाढली. डॉक्टरांना हेच हवं होतं.

सासूबाई चहा ठेवायला गेल्या. धाकटी काट्यावरून उतरली नाही, आकड्याकडे बघत उभी. मग मान न वळवता म्हणाली, "बरं वाटलं ना तुम्हाला?"
"वाटलं."
"खरं सांगा. सगळं माझ्या तब्येतीसाठी वाटलं?"
मी विचार केला. नीट केला. तिचे गाल भरलेत, पहाटे जिन्यात तिची पावलं पुन्हा धडाधड वाजतात, ते ऐकून मी रोज हुश्श करते. ते आहेच. पण त्या पाच किलोंचा आकडा दिसला तेव्हा आत कुठेतरी एक जुनी बाई हळूच हसलीही होती.
"नाही," मी म्हटलं. "थोडं जुनंही आहे त्यात."
ती काट्यावरच हसायला लागली. इतकी हसली की आकडा खालीवर नाचायला लागला आणि तिला माझा खांदा धरावा लागला.
"असू द्या," म्हणाली. "मलाही तुमचे साडेपाच किलो बघवत नाहीयेत."